ताईचा चातुर्मास, माझी फसलेली किमची आणि दसऱ्यानंतरचं सोल

शुभा_चरई (५ जुलै)

नमस्कार मंडळी. वय ६१, बँकेतून निवृत्त, मुक्काम चरई, ठाणे. प्रश्न दोन आहेत आणि दोन्हींत मासळी, लसूण आणि माझी थोरली बहीण असा गुंता आहे. त्यामुळे जरा पाल्हाळ सहन करा.

लॉकडाऊनमध्ये सुनेने मला कोरियन मालिकांचा नाद लावला. तिला आता त्यांचा कंटाळा आला, मला नाही. कथानक मी अर्धवटच बघते, माझं लक्ष ताटाकडे. ती माणसं रडताना जेवतात, भांडताना जेवतात, घटस्फोटाचे कागद पुढ्यात ठेवून जेवतात. भाताची एक वाटी, रश्शाची एक, आणि मध्ये दहा-बारा बशांत हे थोडं, ते थोडं. त्याला बानचान म्हणतात. आपलंच तोंडीलावणं की! आपल्याकडे ते पानात डावीकडे गप्प बसतं, त्यांच्याकडे अख्खं टेबल बळकावतं.

तर दसऱ्याचं सोनं वाटून झालं की मी आणि ताई आठ दिवस सोलला चाललोय. फराळाच्या आधी परत. तिकिटं काढली, व्हिसाचे कागद जमवतेय. ताई ६८ वर्षांची, नेरुळला असते, तब्येतीने माझ्यापेक्षा ठणठणीत. पण शाकाहारी, अंडंसुद्धा नाही, आणि आषाढीपासून कार्तिकीपर्यंत कांदा-लसूण बंद. लग्न झाल्यापासून एक वर्ष चुकवलेलं नाही. आमचं सोल नेमकं त्यातच येतं. मी सासरी येऊन मासे खायला शिकले, माझं कुठेही भागेल. हिचं काय करू? भाचा म्हणतो, "मावशी, आईला आठ दिवस केळ्यांवर ठेव." हा मुलगा कधीच उपयोगाचं बोलत नाही.

दुसरा प्रश्न घरचा. तिथे जाऊन ताईला एकदम धक्का नको, म्हणून म्हटलं आधी घरी किमची, म्हणजे त्यांचा तिखट लावून आंबवलेला कोबी, बिनमासळीची, बिनलसणाची करून चाखवू. गावदेवी मार्केटमधून चायनीज कोबीचे दोन गड्डे आणले. लोणच्यात माझा हात धरणारं कुणी नाही अशी माझी समजूत, त्यामुळे कृती नीट वाचलीच नाही. कोबी बारीक चिरला, मीठ, तिखट, आलं लावलं आणि सवयीने वरून मोहरी-हिंगाची फोडणी गार करून ओतली. काचेच्या बरणीत गळ्यापर्यंत दाबून भरली, फिरकीचं झाकण घट्ट लावलं आणि ओट्यावर मुरायला ठेवली.

तिसऱ्या रात्री दोनच्या सुमाराला स्वयंपाकघरातून फुस्स असा आवाज. ह्यांना वाटलं गॅस गळतोय. दिवा न लावता चाचपडत गेले, रेग्युलेटर बंद केला, खिडक्या उघडल्या आणि मग पाय पडला तो लाल पाण्यात. झाकणाखालून झिरपलेलं पाणी ओट्यावरून थेट वाट्या-चमच्यांच्या ट्रॉलीत. सकाळी समोरच्या वहिनी विचारतात, "ड्रेनेज तुंबलंय का हो?"

चव म्हणाल तर आंबटढोण, कोबी लिबलिबीत, वर तेलाचा तवंग. टाकून दिली. काय चुकलं?

---

सोडेवाली (५ जुलै)

शुभाताई, हसू नये, पण हसले. कोपरखैरण्याहून लिहितेय, किमचीच्या बाबतीत मीही दोनदा तोंडावर पडलेय.

चुकलं ते तेल, झाकण आणि तीन दिवस. कैरीचं लोणचं मीठ-तेलाच्या जोरावर टिकतं, किमची आंबून टिकते. ती लोणच्याच्या जातीची नाहीच, इडलीच्या पिठाच्या जातीची आहे. सुरुवातीला तिच्यात ल्युकोनोस्टॉक नावाचे जे जिवाणू कामाला लागतात, तेच इडलीचं पीठही फुगवतात. इडलीचं पीठ तुम्ही डब्यात गळ्यापर्यंत भरून झाकण आवळाल का? बरणी पाऊण भरायची, झाकण नुसतं टेकवायचं, खाली ताटली ठेवायची.

आणि कोरियात वर्षाची किमची घालतात ती नोव्हेंबर संपता संपता, हाडं गोठवणाऱ्या थंडीत. सगळ्या बायका मिळून. त्याला किमजांग म्हणतात, २०१३ मध्ये ते युनेस्कोच्या वारसा यादीतही गेलं. पूर्वी मातीचे रांजण भरून जमिनीत पुरायचे. फ्लॅटमध्ये पुरणार कुठे? म्हणून तिकडे खास किमचीसाठी वेगळे फ्रिज निघाले. आपल्याकडे जुलैत ओट्यावर एक दिवस म्हणजे डोक्यावरून पाणी. मी आज सकाळी भरते, उद्या सकाळी बुडबुडे दिसले की फ्रिजमध्ये.

कोबी चिरू नका, उभ्या चार फाका करा आणि बुंधा राहू द्या म्हणजे पानं सुटत नाहीत. किलोला शंभर ग्रॅम खडेमीठ, पानापानांत, बुंध्याकडच्या जाड भागाला जास्त. दोन-तीन तासांनी मधली जाड पांढरी शीर घेऊन वाकवून बघायची. कट्कन मोडली तर अजून थांबा. करंगळीभोवती गुंडाळता आली की झालं. सगळी मेख इथेच आहे. मग तीन पाण्यांनी धुऊन तासभर पालथं निथळत ठेवा. दोन चमचे तांदळाच्या पिठाची वाटीभर पातळ पेज करून गार करा, त्यात तिखट, किसलेलं आलं, मुळ्याच्या काड्या, अर्धं सफरचंद किसून. हे पानापानाला फासायचं. फोडणी-बिडणी काही नाही.

तिखटाचं सांगते. त्यांची मिरचीपूड, गोचुगारू, रंगाला भडक, जिभेला सौम्य आणि जाडसर असते. ऑनलाइन मिळते, पण मी वाशीच्या मसाला मार्केटातून बेडगी आणते, बिया झटकते आणि मिक्सरला दोनदाच फिरवते, रव्याएवढी जाड. रोजचं लाल तिखट घातलंत तर चिखल होतो.

माझ्या घरी अर्थात मासळी लागते. कोरियात खारवलेली बारीक कोळंबी घालतात, मी जवळा भाजून कुटून घालते. सासूबाई म्हणाल्या, "ही जवळ्याची चटणीच आहे, उगाच कोबीला फासलीय." तरी दोनदा वाढून घेतली. तुमच्या ताईंसाठी जवळ्याऐवजी दोन चमचे सोया सॉस घाला. लसणाशिवाय मात्र मी कधी केलेली नाही, फार फिकी लागेल असं वाटतं.

---

नेरुळ_ते_उल्सान (६ जुलै)

फिकी लागत नाही. लसणाशिवायची किमची तिथे शेकडो वर्षं चालत आलीय, फक्त हॉटेलात नाही, मठात.

शुभाकाकू, मी २०१६ ते २०१८ कोरियातल्या उल्सान शहरात होतो, कारखान्याच्या कामासाठी. पहिले दोन महिने मीही केळ्यांवरच होतो, तेव्हा तुमच्या भाच्याला फार बोलू नका. शाकाहारी माणसाची तिथे खरी फसगत मांसाने होत नाही, ते दिसतं. फसवतं ते पाणी. टोफूचा साधा रस्सा दिसतो, पण त्याचं पाणी वाळवलेल्या म्यॉल्ची उकळून केलेलं असतं. म्यॉल्ची म्हणजे आपल्या मांदेलीच्या नात्यातली मासळी. त्यामुळे "मांस नको" एवढं सांगून भागत नाही.

पण तुमच्या ताईंसारखं जेवणारी माणसं कोरियात आहेत: बौद्ध भिक्षू आणि भिक्षुणी. त्यांच्या स्वयंपाकात मांस-मासळी नाहीच, वर पाच उग्र गोष्टीही वर्ज्य: लसूण, कांद्याची पात, बुचू नावाची लसणी वासाची पात, तसलीच एक रानटी पात, आणि पाचवा आपला हिंग! कोरियात हिंग पिकत नाही, पण जुन्या बौद्ध नियमांतून यादीत आला आणि तसाच राहिला. म्हणजे आपण लसूण नाही म्हणून हिंग घालतो, त्यांनी तीही पळवाट बुजवली. ताईंना सांगा, तिथल्या भिक्षुणी त्यांच्यापेक्षा कडक आहेत आणि बारा महिने.

सोलमध्ये जोग्येसा नावाचं मोठं बौद्ध मंदिर आहे, अगदी मध्यवस्तीत. त्याच्या समोरच बालू गोंग्यांग हे त्याच पंथाचं जेवणघर. एकामागून एक वाट्या येत राहतात. आधी जागा राखून ठेवावी लागते आणि स्वस्त नाही. एकदा जा. दुसरं म्हणजे टेम्पल स्टे, मठात मुक्काम. २००२ च्या फुटबॉल विश्वचषकाला पाहुण्यांची सोय म्हणून सुरू झालं आणि टिकलं. सोलच्या वायव्येला बुखानसान डोंगराच्या पायथ्याशी जिनग्वानसा मठ आहे, स्वयंपाकासाठी नावाजलेला. पहाटे उठवतात. ताईंना चालेल, तुमचं तुम्ही बघा. जेवण झालं की वाडग्यात पाणी घालून, मुळ्याच्या फोडीने आतून पुसून ते पाणी प्यायची रीत आहे. माझी आजी ताटात असंच पाणी फिरवून प्यायची, आम्ही नाक मुरडायचो.

एरवी पोटाला आधार म्हणजे होबाकजुक, लाल भोपळ्याची दाटसर लापशी. आणि ऑक्टोबरअखेर थंडी पडायला लागते, तेव्हा भाजलेली रताळी. कोपऱ्याकोपऱ्यावरच्या चोवीस तास उघड्या दुकानांत गरम मिळतात. एकादशी आली तरी अडणार नाही. ग्वांगजांग बाजार (१९०५ पासूनचा) चुकवू नका, पण तिथलं मुगाचं धिरडं तुमचं एकटीचं. ताज्या वाटलेल्या मुगाचं, जात्याची घरघर ऐकू येते, वास तर असा की पाय निघत नाही. पण पिठात पात असते आणि बऱ्याचदा डुकराचं मांसही.

दोन वाक्यं पाठ करा. "मानुल प्पे जुसेयो." मानुल लसूण, प्पे वगळून, जुसेयो द्या. शब्दाला शब्द, क्रमसुद्धा आपलाच. लसणाच्या जागी गोगी म्हटलंत की मांस वगळून. जे आधीच मुरवून ठेवलंय त्यातून लसूण निघणार नाही, हे धरून चाला.

दुसरं, वाढणाऱ्या बाईंना हाक कशी मारायची? छोट्या खाणावळीत त्यांना "इमो" म्हणतात. इमो म्हणजे आईची बहीण. आत्याला वेगळा शब्द आहे, गोमो. काकू-मामी-मावशी सगळ्यांना एकच शब्द वापरणाऱ्या जगात मला हे ऐकून घरी आल्यासारखं झालं होतं. उल्सानच्या खाणावळीतल्या इमोने तिसऱ्या आठवड्यापासून माझ्यासाठी बटाट्याची बानचान वेगळी काढून ठेवायला सुरुवात केली. बानचान संपली की पुन्हा मागा, त्याचे पैसे पडत नाहीत. फक्त ताई थोरल्या, तेव्हा त्यांनी चमचा उचलेपर्यंत तुम्ही उचलू नका. आणि भाताची वाटी हातात धरून जेवू नका, टेबलावरच राहू द्या.

---

स्पष्ट_बोलतो (६ जुलै)

मेथांबा, पंचामृत, कैरीचा तक्कू सोडून कुजलेला कोबी. चालू द्या. त्यात मीठ किती असतं माहिती आहे का? साठीनंतर बीपीच्या गोळ्या असतात म्हणून विचारलं.

---

शुभा_चरई (७ जुलै)

@स्पष्ट_बोलतो, मिठाचं बरोबर बोललात, माझी गोळी आहेच, म्हणून दोन फोडींच्या वर खाणार नाही. मेथांब्याचं म्हणाल तर त्यातली मिरचीही अमेरिकेहून पोर्तुगीजांच्या जहाजातून आलेली. कोरियातही साधारण सोळाव्या शतकाच्या शेवटी पोचली. दोन्हीकडच्या आज्यांनी तिला आपलं म्हटलं, आपण कशाला भांडा?

@नेरुळ_ते_उल्सान, तुमचा हिंगाचा परिच्छेद ताईला फोनवर वाचून दाखवला. दोन मिनिटं गप्प होती. मग म्हणाली, "हिंगही नाही? मग आमटीला वास कसला?" आता तिला जायची माझ्यापेक्षा जास्त घाई आहे. मी म्हटलं, सप्टेंबरात स्वस्त पडलं असतं, गणपतीमुळे ऑक्टोबर धरला. बरोबर केलं ना?

---

नेरुळ_ते_उल्सान (७ जुलै)

अगदी बरोबर, पण कारण त्यांच्याकडेही तेच आहे. त्यांचा सुगीचा सण छुसॉक, आठव्या चांद्रमासाची पौर्णिमा. २०२४ ला १७ सप्टेंबरला होता, त्याच दिवशी आपली अनंत चतुर्दशी. २०२५ ला त्यांचा अधिक महिना आला आणि आपला आला नव्हता, म्हणून तो ६ ऑक्टोबरवर गेला. आपला अधिक यंदा ज्येष्ठात येऊन गेला, आणि गाडी पुन्हा जुळली: यंदा २५ सप्टेंबर, पुन्हा अनंत चतुर्दशीलाच. त्या तीन दिवसांत अख्खा देश गावी जातो, रेल्वेची तिकिटं मिळत नाहीत, छोटी दुकानं बंद. गणपतीत कोकणात निघालेल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

त्या सणाला सोंगप्योन करतात. तांदळाचं पीठ उकळत्या पाण्याने मळायचं, गरम गरम, हात भाजत. आत तीळ-साखर किंवा मूग. अर्धचंद्राच्या आकारात मिटायचं आणि मोदकपात्रासारख्या चाळणीत उकडायचं. खाली आपण हळदीचं पान ठेवतो, ते पाइनच्या सुया पसरतात; सोंग म्हणजे पाइनच. सहकाऱ्याच्या घरी त्याच्या आईबरोबर बसलो होतो. मी सवयीने कळ्या पाडायला लागलो, तर म्हातारीने हातातलं काढून घेतलं, उलटसुलट बघितलं आणि शेजारणीला दाखवायला घेऊन गेली. त्यांच्यात म्हणतात, सोंगप्योन सुबक वळता आला तर मुलगी सुंदर होते. मला मुलगाच झाला, तो वेगळा विषय.

---

हांगुल_वागळे (८ जुलै)

शुभाआजी (आजी म्हटलेलं चालेल ना? मी २२ ची), आत शिरल्यावर विचारण्यापेक्षा दारावरची पाटी वाचा. कोरियन लिपी आठवड्यात येते, खोटं नाही सांगत. मी ठाणे-वाशी लोकलमध्ये उभ्या उभ्या शिकले. राजा सेजोंगने १४४३ मध्ये तयार केली, १४४६ मध्ये जाहीर केली, साध्या माणसाला वाचता यावं म्हणून. आज मूलभूत व्यंजनं चौदा, स्वर दहा. ग चं अक्षर विळ्यासारखं दिसतं. त्यांच्यात निरक्षर माणसाला म्हणतात, "विळा समोर ठेवला तरी ग ओळखता येत नाही." त्या विळ्यात एक रेघ वाढवली की ख. आपल्याला अल्पप्राण-महाप्राण शाळेत शिकवलेत, त्यामुळे अर्धं काम झालेलंच असतं.

आजी, ताईआजींना एवढंच शिकवा. विळा, त्याखाली आडवी रेघ आणि रेघेवर छोटी उभी काडी: गो. विळा आणि शेजारी लांब उभी काडी: गी. गो-गी, मांस. पण नुसतं गो बघून पळू नका! रताळं म्हणजे गोगुमा, मिरची म्हणजे गोचू, सगळ्यांची सुरुवात त्याच गो ने. पुढचं अक्षर बघायचं. शेवटी चौकोन दिसला की तो म, म्हणजे रताळं.

आणि नूडल्सची पाकिटं इथूनच तपासायला लागा, कोरियातल्या बऱ्याच पाकिटांच्या मसाल्यात गोमांसाचा अर्क असतो. भारतासाठी आलेल्या पाकिटावर हिरवा ठिपका आहे का बघा.

---

शुभा_चरई (२ ऑगस्ट)

उशिराने कळवतेय. दुसरी किमची २९ जुलैला घातली. सोडेवालीबाई, करंगळीची परीक्षा तिसऱ्या तासाला पास झाली, त्याआधी दोन शिरा मोडल्या. बेडगी तुम्ही म्हणालात तशी जाड ठेवली. लसूण नाही, पात नाही, आणि मठाचा मान राखून हिंगही नाही. आलं जरा जास्त, मुळा भरपूर, सोया सॉस. बरणी पाऊण, झाकण टेकवलेलं, खाली परात. ह्यांनी रात्री दोनदा उठून तपासलं. सकाळी काचेला डोळा लावला तर कडेने बारीक बुडबुडे वर चढत होते, साबुदाण्याच्या खळीसारखे. लगेच फ्रिजमध्ये.

काल ताई आली. इंद्रायणीचा भात केला होता, चिकट होतो म्हणून. काड्यांनी खायचा प्रयत्न तिने एका घासात सोडला. किमचीची फोड तोंडात घातली, बराच वेळ चावली, मी तिच्या तोंडाकडे बघतेय. म्हणाली, "कोशिंबीर चांगली झालीय, पण शिळी आहे." मग आणखी तीन फोडी घेतल्या. माझ्या वाट्याच्या दोन धरून बशी संपली.

अक्षरांचं तर तिने वेडच घेतलंय. वाणसामानाच्या यादीमागे गो, गी, गु, मा गिरवून काढलेत. आज सकाळी सीवूड्सच्या मॉलमधून फोन, आयात मालाच्या फळीसमोर उभी होती. एका डब्यावर विळा दिसला, आडवी रेघ दिसली, काडी दिसली. "पुढचं अक्षर गी नाही, गु नाही, काहीतरी टोपी घातलेलं आहे, खाली काडी लोंबतेय. घेऊ का ठेवू?"

@हांगुल_वागळे, हे गोचूच ना? ती अजून तिथेच उभी आहे.